एकाच सारणीतून दोन झाडे का निघतात: अंतरांवरून उत्क्रांतिवृक्ष बांधण्यामागची भूमिती

आपण मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सह्याद्रीतील लहान पालींच्या २० नमुन्यांमधून आपण सीओआय या मायटोकाँड्रियातील जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचला, किती अक्षरे वेगळी आहेत त्यावरून प्रत्येक जोडीचे अंतर काढले आणि त्याच सारणीवर यूपीजीएमए व नेबर-जॉइनिंग या, अंतरांवरून झाड बांधणाऱ्या, दोन्ही पद्धती चालवल्या. दोन झाडे जुळत नाहीत, नेबर-जॉइनिंगच्या झाडात दोन फांद्यांची लांबी उणे आली आहे आणि एका महत्त्वाच्या गटाला बूटस्ट्रॅपमध्ये, म्हणजे तीच माहिती पुन्हा पुन्हा निवडून घेतलेल्या चाचणीत, फक्त ४८ टक्के आधार मिळाला आहे. शिवाय आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की नेबर-जॉइनिंग कोणत्याही निकषाचे किमान मूल्य शोधत नाही, ती केवळ एक चलाख कृती आहे. तेव्हा विश्वास कोणत्या झाडावर ठेवावा?

माझ्या मते खरा प्रश्न दोन झाडांतून एकाची निवड करण्याचा नाही. आपली सारणी मुळात कोणत्याही झाडाची सारणी नाही, आणि प्रत्येक पद्धत तिला आपापल्या समजुतीनुसार कोणत्या तरी झाडावर बसवते. त्या समजुती कोणत्या आहेत हे कळले की दोन झाडांमधील मतभेद अडचण न वाटता माहिती वाटू लागतो. अंतिम उत्तर मात्र तीन गोष्टींवर अवलंबून आहे: निरनिराळ्या वंशशाखांमध्ये बदलाचा वेग किती सारखा आहे, सर्वांत दूरच्या जोड्यांमधील अंतरे किती भरवशाची आहेत, आणि झाडातील आतल्या फांद्या किती आखूड आहेत. या तिन्ही गोष्टी आपली सारणी पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाहीत, पण त्या कशा तपासायच्या हे सांगता येईल.

प्रथम मोजदाद करू. २० नमुन्यांच्या सारणीत १९० अंतरे असतात. २० पानांच्या (प्रत्येक नमुना म्हणजे एक पान), मूळ न दाखवलेल्या, पूर्ण दुफाट्याच्या झाडाला ३७ फांद्या असतात: २० टोकाच्या आणि १७ आतल्या. म्हणजे १९० मितींच्या अवकाशात आपली सारणी हा एक बिंदू आहे, आणि झाडांनी व्यापलेला भाग ३७ मितींच्या तुकड्यांचा बनलेला आहे. असे तुकडे किती, हे एक-एक पान वाढवत गेल्यास सहज मोजता येते. तीन पानांचे झाड एकच असते व त्याला तीन फांद्या असतात. चौथे पान त्यांपैकी कोणत्याही फांदीवर लावता येते, म्हणून चार पानांची ३ झाडे. प्रत्येकाला पाच फांद्या, म्हणून पाच पानांची १५. पुढे सहा पानांची १०५, दहा पानांची २०,२७,०२५, आणि वीस पानांची झाडे मोजायला २१ अंकी संख्या लागते. प्रत्यक्ष मोजलेल्या अंतरांमध्ये थोडीफार चूक असतेच, त्यामुळे आपला बिंदू यांपैकी एखाद्या तुकड्यावर अचूक पडण्याची शक्यता जवळजवळ नसते. तो तुकड्यांच्या आसपास कुठेतरी असतो.

बिंदू तुकड्यावर आहे की नाही याची कसोटी फार सुंदर आहे. पीटर ब्यूनमन यांनी १९७१ मध्ये तिचे महत्त्व ठसवले आणि ती चार बिंदूंची अट म्हणून ओळखली जाते. कोणतेही चार नमुने क, ख, ग, घ घ्या आणि तीन बेरजा काढा: कख अधिक गघ, कग अधिक खघ, कघ अधिक खग. अंतरे झाडावरची असतील तर या तिघींपैकी दोन मोठ्या बेरजा समान असतात, आणि सर्वांत लहान बेरीज कोण कोणाचा शेजारी आहे ते सांगते. एक उदाहरण हातानेच करू. क व ख एका गाठीला, ग व घ दुसऱ्या गाठीला जोडलेले आहेत. टोकाच्या फांद्या अनुक्रमे १, ६, १, ६ आणि मधली फांदी २ आहे. तेव्हा कख ७, गघ ७, कग ४, कघ ९, खग ९, खघ १४. बेरजा १४, १८, १८. लहान बेरीज कख आणि गघ यांची, म्हणजे हेच शेजारी. आणि १८ उणे १४ म्हणजे ४, त्याचे निम्मे २, ही मधल्या फांदीची लांबी.

आता याच सारणीवर यूपीजीएमए चालवा. सोकल आणि मिचनर यांच्या १९५८ च्या कामातून आलेली ही पद्धत सर्वांत लहान अंतराची जोडी आधी जोडते. सर्वांत लहान अंतर कग, म्हणजे ४. ती क आणि ग यांना एकत्र करते, आणि ते चूक आहे. सारणीत येथे एका थेंबाचीही चूक नव्हती, तरीही उत्तर चुकले, याकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. यूपीजीएमएची समजूत अशी की सर्व पाने मुळापासून सारख्याच अंतरावर आहेत, म्हणजे सर्व वंशांत घड्याळ एकाच वेगाने चालते. तसे असते तर कोणत्याही तीन नमुन्यांच्या तीन अंतरांपैकी दोन मोठी अंतरे समान आली असती. आपल्या उदाहरणात क, ख, ग यांची अंतरे ७, ४, ९ आहेत. ७ आणि ९ समान नाहीत, तेथेच घड्याळाची समजूत मोडते.

नेबर-जॉइनिंग यातून कशी सुटते? नारुया साइतो आणि मासातोशी नेई यांनी १९८७ मध्ये ती मांडली, आणि पुढच्याच वर्षी स्टुडियर व केप्लर यांनी तिला आज सर्वत्र वापरले जाणारे सुटसुटीत रूप दिले. प्रत्येक नमुन्याच्या सर्व अंतरांची बेरीज काढा. मग प्रत्येक जोडीसाठी, त्या दोघांतील अंतराला नमुन्यांच्या संख्येपेक्षा दोनने कमी असलेल्या संख्येने गुणा आणि त्यातून दोघांच्या बेरजा वजा करा. जिथे उत्तर सर्वांत लहान, ती जोडी जोडा. आपल्या उदाहरणात बेरजा २०, ३०, २०, ३० येतात. कख साठी दोन गुणिले ७ उणे ५०, म्हणजे उणे ३६. गघ साठीही उणे ३६. उरलेल्या चारही जोड्यांसाठी उणे ३२. पद्धत बरोबर शेजारी निवडते.

या सूत्राच्या मुळाशी असलेले कारण पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिलेले आढळते, म्हणून येथे थोडे थांबतो. समजा एकूण न नमुने आहेत आणि आपण क व ख ही जोडी तपासत आहोत. क ची टोकाची फांदी कख या अंतरात एकदा येते, त्यामुळे गुणल्यावर ती न उणे २ वेळा मोजली जाते. क च्या बेरजेत ती न उणे १ वेळा येते आणि ख च्या बेरजेत एकदा. दोन्ही वजा केल्यावर उरते उणे २ वेळा. ख च्या फांदीचेही तसेच. आणि जोडीबाहेरच्या कोणत्याही नमुन्याची टोकाची फांदी दोन्ही बेरजांमध्ये एकेकदा येते, म्हणून तीही उणे २ वेळाच मोजली जाते. म्हणजे आपण कोणतीही जोडी घेतली तरी टोकाच्या फांद्यांचा वाटा तोच राहतो. कोणता वंश किती वेगाने बदलला याचा निवडीवर काहीच परिणाम होत नाही. निवड केवळ आतल्या फांद्यांवरून ठरते. ही एका चलाख माणसाला सुचलेली क्लृप्ती नव्हे. डेव्हिड ब्रायंट यांनी २००५ मध्ये दाखवले की सारणीवर रेषीय असणारा, नमुन्यांची नावे बदलल्याने न बदलणारा आणि अचूक सारणीवर अचूक उत्तर देणारा निवडीचा निकष मूलतः हा एकच आहे.

हेच भूमितीच्या भाषेत पाहिले तर चित्र आणखी स्वच्छ होते. टोकाच्या फांद्या लांब वा आखूड करणे म्हणजे सारणीच्या अवकाशात न दिशांनी सरकणे, आणि या सरकण्याने झाडाचा आकार बदलत नाही. त्या दिशा बाजूला काढल्या की चार नमुन्यांच्या सहा मितींपैकी फक्त दोन उरतात, म्हणजे एक साधा कागद. त्या कागदावर तीन संभाव्य झाडे म्हणजे एका बिंदूतून निघालेले, परस्परांशी १२० अंशांचा कोन करणारे तीन किरण. मध्यबिंदू म्हणजे आतली फांदीच नसलेले, चांदणीसारखे झाड. आपली सारणी या कागदावर जिथे पडते, त्याच्या सर्वांत जवळचा किरण नेबर-जॉइनिंग निवडते. यूपीजीएमएला हा कागद दिसतच नाही, कारण ती टोकाच्या फांद्यांच्या दिशाही उत्तरात मिसळते. म्हणून दोन झाडांत फरक आला की माझा पहिला संशय नेहमी वंशांच्या असमान वेगावर असतो.

आता मार्गदर्शकांच्या आक्षेपाकडे येतो. तो बराच काळ योग्य मानला जात होता, आणि तो उपस्थित करण्यात त्यांची काही चूक नाही. पण २००६ मध्ये गास्कुएल आणि स्टील यांनी स्पष्ट केले की नेबर-जॉइनिंग एका निश्चित राशीचे मूल्य पायरीपायरीने कमी करत जाते. ती राशी पोप्लँ यांच्या सूत्राने मिळते: झाडावर दोन नमुन्यांच्या मध्ये जितक्या फांद्या असतील, त्याहून एक कमी इतक्या वेळा त्यांचे अंतर निम्मे करा, आणि सर्व जोड्यांसाठी आलेल्या संख्यांची बेरीज करा. ही झाडाची संतुलित लांबी. आपल्या उदाहरणात योग्य झाडासाठी कख व गघ यांचे निम्मे, म्हणजे ७, उरलेल्या चार अंतरांची बेरीज ३६, तिचा चौथा भाग ९, एकूण १६. फांद्यांची प्रत्यक्ष बेरीजही १६ च आहे. तीच सारणी चुकीच्या दोन झाडांवर बसवली तर दोन्ही वेळा १७ येते. जे झाड सर्वांत आखूड, ते स्वीकारायचे.

हे निम्मे-निम्मे करणे कृत्रिम वाटू शकते, पण त्याचा अर्थ सोपा आहे. झाड कागदावर काढा आणि त्याच्या कडेकडेने प्रदक्षिणा घाला. प्रत्येक फांदीवरून जाताना एकदा आणि येताना एकदा आपण जातो, म्हणून वाटेत भेटलेल्या लगतच्या पानांमधील अंतरांच्या बेरजेचे निम्मे म्हणजे झाडाची लांबी. आपल्या उदाहरणात क, ख, ग, घ या क्रमाने ७, ९, ७, ९, म्हणजे ३२ चे निम्मे १६. क, ख, घ, ग या क्रमाने ७, १४, ७, ४, पुन्हा १६. सारणीत चुका असल्या की निरनिराळ्या प्रदक्षिणा निरनिराळे उत्तर देतात. त्या सर्वांची सरासरी म्हणजेच पोप्लँ यांचे सूत्र, असे सेंपल आणि स्टील यांनी २००४ मध्ये दाखवले. २० पानांच्या एका झाडाभोवती अशा १,३१,०७२ प्रदक्षिणा आहेत.

निम्मे-निम्मे करताना प्रत्येक झाड प्रत्येक अंतराला जे वजन देते, ती सर्व वजने मिळून अवकाशातील एक बिंदू होतो, आणि सर्व झाडांचे बिंदू मिळून एक बहुफलक, म्हणजे सपाट बाजूंची अनेक मितींतील आकृती, तयार होते. चार पानांसाठी तो त्रिकोण आहे. पाच पानांसाठी तो पाच मितींचा असून त्याला १५ शिरोबिंदू व ५२ फलक आहेत, आणि त्यातला कोणताही शिरोबिंदू दुसऱ्या प्रत्येक शिरोबिंदूला कडेने जोडलेला आहे. सहा पानांवर गेलो की मिती ९, शिरोबिंदू १०५ आणि फलक तब्बल ९०,२६२ होतात. सर्वांत आखूड झाड शोधणे म्हणजे या बहुफलकाचा एका दिशेतला सर्वांत टोकाचा शिरोबिंदू शोधणे, आणि ही समस्या सर्वसाधारणपणे एनपी-हार्ड आहे, म्हणजे ती नेहमी नेमकी आणि झटपट सोडवणारी रीत कोणाला ठाऊक नाही. नेबर-जॉइनिंग प्रत्येक पायरीला समोर दिसणारा सर्वांत चांगला पर्याय घेत जाते, म्हणून ती नेहमीच सर्वांत आखूड झाडापर्यंत पोहोचेल असे नाही. पाच नमुन्यांसाठी पहिली निवड दहांतून आणि दुसरी तिघांतून होते, म्हणजे सारण्यांच्या अवकाशाचे ३० शंकू, म्हणजे टोकापासून पसरत जाणारे भाग, होतात आणि प्रत्येक झाडाच्या वाट्याला दोन येतात. खऱ्या सर्वांत आखूड झाडाच्या निकषात मात्र प्रत्येक झाडाला एकच बहिर्वक्र शंकू मिळतो. म्हणूनच मी नेबर-जॉइनिंगचे झाड अंतिम न मानता सुरुवात मानतो आणि त्यावर फास्टएमईसारख्या संगणक प्रणालीने फांद्यांची अदलाबदल करून अधिक आखूड झाड मिळते का ते पाहतो.

या वजनांमागे एक समजूत लपलेली आहे आणि आपल्या माहितीसाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे: झाडावर जितके दूर, तितका त्या अंतरावर कमी विश्वास. ज्यूक्स-कँटर यांचे १९६९ चे साधे सूत्र घेऊन ६५८ अक्षरांसाठी हिशेब केला तर ५ टक्के अक्षरे वेगळी असल्यास सुधारित अंतर (एकाच जागी पुन्हा झालेले बदलही धरून काढलेले) सुमारे ०.०५२ येते व त्याची प्रमाणित चूक ०.००९. वेगळेपण २० टक्के असल्यास अंतर ०.२३३ व चूक ०.०२१. ते ५० टक्क्यांवर गेले की अंतर ०.८२४ आणि चूक जवळजवळ ०.०५९. वेगळेपण ७५ टक्क्यांकडे जाऊ लागले की सूत्र अनंताकडे धावते. संतुलित वजने ही वाढती अनिश्चितता अंदाजाने सांभाळतात. सर्व अंतरांना सारखेच वजन देणारी साधी लघुतम वर्ग पद्धत ती सांभाळत नाही.

किती चूक चालते? केव्हिन ॲटसन यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले की सारणीतील प्रत्येक अंतराची चूक झाडातील सर्वांत आखूड आतल्या फांदीच्या निम्म्याहून कमी असेल, तर नेबर-जॉइनिंग योग्य आकार देतेच. याहून मोठी हमी कोणतीच पद्धत देऊ शकत नाही, आणि ते आपल्या उदाहरणातच दिसते. मधली फांदी २ आहे. प्रत्येक अंतरात १ ची चूक झाली तर १४ ची बेरीज १६ होऊ शकते आणि १८ च्या दोन्ही बेरजा १६ वर येऊ शकतात. मग तीनही झाडे सारखीच दिसतात आणि सारणीत उत्तर उरतच नाही. आता आपल्या पालींकडे पाहा. ६५८ अक्षरांत दोन बदलांएवढी आतली फांदी म्हणजे सुमारे ०.००३, तिचे निम्मे ०.००१५, आणि जवळच्या जोडीच्या अंतराचीही प्रमाणित चूक ०.००९. म्हणजे ही हमी आपल्याला लागू नाही. प्रत्यक्षात परिस्थिती इतकी वाईट नसते, कारण एकाच फांदीवरून जाणाऱ्या सर्व अंतरांच्या चुका एकाच बाजूला झुकतात आणि बेरजांच्या वजाबाकीत बऱ्याच अंशी निघून जातात. तरीही आपला ४८ टक्के आधार याच जागी समजतो. बूटस्ट्रॅपमध्ये आपण अलाइनमेंटचे, म्हणजे एकाखाली एक मांडलेल्या अनुक्रमांचे, स्तंभ पुन्हा पुन्हा निवडतो, म्हणजे सारणीच्या बिंदूभोवती बिंदूंचा एक ढग तयार करतो; त्यातील ४८ टक्के बिंदू त्या गटाच्या बाजूला पडले आणि बाकीचे इतरत्र. ढग किती पसरला आहे ते यातून कळते. ढगच चुकीच्या जागी सरकला असेल, तर १०० टक्के आधारही काही सिद्ध करत नाही.

उणे लांबीबद्दल फार घाबरू नये, पण ती झाकूनही टाकू नये. टोकाच्या फांदीची लांबी शेवटी दोन अंतरांची बेरीज वजा तिसरे अंतर, भागिले दोन अशा हिशेबांच्या सरासरीतून येते. तिसरे अंतर चुकीने फुगले की उत्तर उणे येते. ती संख्या वर दिलेल्या प्रमाणित चुकीपेक्षा लहान असेल तर मी ती शून्य धरतो आणि तसे लिहून ठेवतो. ती मोठी असेल तर मी झाड बाजूला ठेवून मूळ अक्षरांकडे परत जातो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका सारणीत एकच नमुना असा वागत होता. क्रोमॅटोग्राम, म्हणजे अक्षरे वाचणाऱ्या यंत्राचा आलेख, पाहिल्यावर लक्षात आले की पुढून केलेले वाचन एका नळीतील होते आणि मागून केलेले दुसऱ्या. दोन प्राण्यांची अक्षरे जोडून एक अनुक्रम बनला होता. असा नमुना कोणत्याच झाडावर बसत नाही, आणि नेबर-जॉइनिंग ते उणे फांदीतून सांगत असते.

आपल्या जागी मी असतो तर पुढील क्रमाने काम केले असते. प्रथम हुबेहूब सारखे अनुक्रम एकत्र करून प्रत्येक हॅप्लोटाइप, म्हणजे प्रत्येक वेगळा अनुक्रम, एकदाच ठेवला असता, कारण सारख्या अंतरांमुळे बरोबरी झाली की अनेक प्रणालींमध्ये झाड नमुन्यांच्या क्रमावर अवलंबून राहते. मग यूपीजीएमएचे झाड आणि नेबर-जॉइनिंगचे झाड, दोन्हींची मुळे काढून टाकून, पुन्हा ताडून पाहिले असते. नेबर-जॉइनिंगचे झाड मूळ सांगत नाही, पण पडद्यावर ते मूळ असल्यासारखे काढले जाते. दोन झाडांतील निम्मा फरक कधीकधी एवढ्यानेच नाहीसा होतो. मूळ हवे असल्यास दूरच्या एखाद्या वंशातील पाल बाह्यगट म्हणून घ्यावी.

त्यानंतर चौकड्या. २० नमुन्यांतून ४,८४५ चौकड्या होतात, आणि संगणकाला त्या क्षणात मोजता येतात. प्रत्येक चौकडीसाठी तीन बेरजा काढा, सर्वांत मोठीतून मधली वजा करा आणि त्याला सर्वांत मोठी उणे सर्वांत लहान याने भागा. उत्तर शून्याजवळ असेल तर चौकडी झाडासारखी आहे. एकाजवळ असेल तर ती झाडापेक्षा चौकटीसारखी आहे. प्रत्येक नमुना ज्या चौकड्यांत आहे त्यांची सरासरी काढा. एखाद्याच नमुन्याची सरासरी इतरांपेक्षा वर असेल तर तो नमुना तपासा: दूषित पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया), जोडवाचनातील चूक, किंवा केंद्रकातील डीएनएमध्ये शिरलेली मायटोकाँड्रियाची जुनी प्रत. सर्वच नमुने सारखेच वर असतील तर जनुकात बदल साचून अंतरे बधिर झाली असण्याची शक्यता अधिक आहे; अशा वेळी कोडॉनमधील (तीन अक्षरांच्या गटातील) तिसरी अक्षरे वगळून सारणी पुन्हा काढावी.

ज्या गटाला ४८ टक्के आधार आहे, त्याच्या आतल्या फांदीची लांबी आणि तिच्याभोवतीच्या चौकड्यांचे हे आकडे आपण पाठवले, तर त्या एका फांदीबद्दल मी अधिक ठामपणे बोलू शकेन.